आपोआप लढणारा पट

बुद्धिबळाचें जुनें नांव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें. म्हणजे निरनिराळ्या अंगांचा मेळ हेंच सैन्य, ही कल्पना त्या नांवांतच आहे. पुढें पटावर मात्र सर्व लक्ष मेळाकडून चालीकडे वळलें. संगणकावरील ज्या खेळांचा येथें विचार करावयाचा आहे, त्यांनीं उलट केलें: चाल खेळाडूच्या हातून काढून घेतली आणि मेळ तेवढा ठेवला. मोहरे विकत घ्यावे, मांडावे, त्यांस आयुधें द्यावीं. लढाई जुंपली कीं हाताची घडी घालून पाहत बसावें. या जातीच्या खेळांस ‘ऑटो-बॅटलर’ म्हणतात. ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत, त्यांच्या कानांवरून हा शब्द गेला असेलच.

चीनमधील ‘ड्रोडो’ नांवाच्या लहानशा मंडळीनें जानेवारी २०१९ मध्यें ‘डोटा ऑटो चेस’ बाहेर काढला. तो स्वतंत्र खेळ नव्हता. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘डोटा २’ (२०१३) या खेळाच्या पोटांत, त्यांतीलच पात्रें घेऊन तो उभारला होता. आणि ‘डोटा’ तरी कोठें स्वयंभू होता? ब्लिझर्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) बरोबर नकाशे रचण्याचें जें साधन मिळे, त्यावर हौशी लोकांनीं तो घडविलेला. भाडेकरूच्या खोलींत पोटभाडेकरू राहावा तसा हा प्रकार! पण या पोटभाडेकरूच्या दारीं मे २०१९ पर्यंत ८० लाखांवर खेळाडू येऊन गेले.

इतकें त्यांत काय होतें? खेळाडू आठ, प्रत्येकापुढें दर फेरीस पांच मोहरे विक्रीला येत. एकाच प्रकारचे तीन जमले कीं त्यांचा मिळून एक बलवान् मोहरा होई. असे तीन, म्हणजे मूळचे नऊ, जमले कीं त्याहून बलवान्. (माहजोंग खेळलेल्यांस येथें ओळखीची खूण पटेल.) पण खरी गोडी निराळीच होती. प्रत्येक मोहऱ्यास एक कुळ आणि एक पेशा असे. तीन जादूगार एकत्र आले तर शत्रूची जादूस तोंड देण्याची शक्ति घटे. तीन ‘गॉब्लिन’ जमले तर आपल्यापैकीं कोणा एकास चिलखताचा लाभ होई. राक्षसांचें मात्र उलट: त्यांचा विशेष गुण एकाच प्रकारचा राक्षस पटावर असेपर्यंतच टिके, दुसऱ्या प्रकारचा आला कीं दोघेही निस्तेज. म्हणजे कोठें संघांत बळ, तर कोठें एकटेपणांत. शिवाय आठही जणांचे मोहरे एकाच कोठारांतून येत. त्यामुळें दोघांनीं एकाच मोहऱ्याचा ध्यास घेतला तर दोघेही उपाशी. पैसा शिलकींत ठेवणारास दर दहा नाण्यांवर एक नाणें व्याज, पण पांचांच्या वर नाहीं. सैन्य वाढवावें कीं व्याज खावें, हा प्रपंचांतला प्रश्न येथेंही सुटत नाहीं.

व्हॉल्व्ह आणि ड्रोडो यांची बोलणीं झालीं, पण जमलें नाहीं. दोघांनीं आपापला खेळ वेगळा काढावा, असें सामोपचारानें ठरलें. ड्रोडोनें नवीं पात्रें घेऊन स्वतंत्र बिऱ्हाड केलें. व्हॉल्व्हचा ‘अंडरलॉर्ड्स’ आणि रायट कंपनीचा ‘टीमफाइट टॅक्टिक्स’ हे दोन्ही जून २०१९ मध्यें आले. नोव्हेंबरांत तर मूळ घरमालक ब्लिझर्डही ‘बॅटलग्राउंड्स’ घेऊन उतरला. हा अन्याय झाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पात्रें आणि चित्रें कोणाचीं तरी असतात. नियमांची कल्पना मात्र ज्याला सुचते त्याच्यापाशीं फार दिवस राहत नाहीं.

आम्हांस खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘टीमफाइट टॅक्टिक्स’मध्यें आठ मूळ वस्तु आहेत, कोणत्याही दोन जोडल्या कीं एक आयुध सिद्ध होतें. तीच वस्तु दोनदां धरली तर जोड्या होतात ३६. नववी वस्तु म्हणजे चक्क स्वयंपाकघरांतलें उलथनें! तें योग्य वस्तूशीं जोडलें तर मोहऱ्यास परक्या कुळांत दत्तक जातां येतें. प्रयोगाला एवढें मोकळें रान असतां बहुतेक खेळाडू अनुभवी मंडळींनीं छापून ठेवलेल्या तयार रचना उतरवून घेतात. परीक्षेच्या ‘गाइडां’वर पोसलेल्या आमच्या वर्गाची येथें आठवण होते. कर्त्यांनीं यावर उपाय म्हणून कीं काय, कांहीं महिन्यांनीं सर्व मोहरे आणि कुळें बदलण्याची वहिवाट ठेविली आहे. मग थोडे दिवस सारेच अज्ञानी, आणि सारेच प्रयोग करणारे. नंतर पुन्हां गाइडें.

मोहरे असे जातात, पण आयुधें बरीचशीं राहतात. धनुष्य आणि दंड जोडून होणारें एक खड्ग ‘ग्विन्सू’ या नांवानें चालतें. लढाई लांबेल तसतसा त्याच्या धन्याचा मारा शीघ्र होतो. ग्विन्सू हें स्टीव्ह फीक यांचें टोपणनांव. जुना ‘डोटा’ घडविणाऱ्या हौशी मंडळींत ते होते आणि पुढें रायटमध्यें आले. आजचीं मुलें हें नांव रोज उच्चारतात, ‘वॉरक्राफ्ट’चा नकाशा त्यांतील थोड्यांनींच पाहिला असेल.