किल्ल्यावर गवळण कशाला?

दिवाळीत अमरावती-अकोल्याच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, माथ्यावर शिवाजी महाराजांचं सिंहासन, उतारावर उगवलेला अळीव. एवढं सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. आता या किल्ल्यासाठी बाजारात मिळणारी मातीची चित्रं नीट पाहा. मावळे आणि वाघ यांच्या शेजारी गाय असते, नांगरवाला असतो आणि डोक्यावर मडकं घेतलेली गवळण हमखास असते. लढाऊ गडावर हिचं काय काम?

किल्ल्याची नेहमीची कुळकथा अशी, की मोहिमेवरून परतलेल्या मावळ्यांकडून गडांची वर्णनं ऐकून मुलांनी अंगणात गड रचले. गवळणीबद्दल विचारलं तर रायगडाची हिरकणी पुढे केली जाते. हिरकणी एकटी होती आणि रात्री कडा उतरून घरी गेली. चित्रांतल्या गवळणी मात्र गायी घेऊन येतात. त्या रायगडावरच्या नव्हेत, गोकुळातल्या आहेत, आणि किल्ल्यात त्या महाराजांच्या आधी आल्या, असं माझं म्हणणं आहे.

हा धागा मला सापडला तो ‘धर्मसिंधु’त. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेल्या या ग्रंथात बलिप्रतिपदेला, गोवर्धन पर्वत जवळ नसेल तर शेणाचा किंवा अन्नाचा गोवर्धन करून पुजावा, असं सांगितलं आहे. म्हणजे पाडव्याला अंगणात डोंगर रचायची रीत आहेच! वऱ्हाडात गायगोधनाला शेणाचं गोधन घालतात आणि त्यावरून गाई नेतात. पश्चिम महाराष्ट्रात तर शेणाच्या गवळणी आणि पेंद्या मांडतात. डोंगर, गाई, गवळणी, शिवाय दिवसही तोच. मोठ्यांनी शेणाचा डोंगर केला, पोरांनी शेजारी मातीचा केला. ही मधली पायरी माझा तर्क आहे, पण याहून सरळ वाट मला दिसत नाही.

त्याच ग्रंथात त्याच दिवसासाठी दोरखेचही सांगितली आहे. गवताचा मजबूत दोर करायचा, एका बाजूला राजपुत्र आणि दुसऱ्या बाजूला समाजात खालचे मानलेले लोक, आणि खालच्या बाजूनं जिंकलं तर राजाला वर्षभर जय. लुटुपुटूची झुंजही पाडव्याला जुनीच आहे, फक्त ती किल्ल्याच्या आत शिरली नाही.

शिरली असती तर काय झालं असतं, ते युरोपात दिसतं. ब्रिएनच्या लष्करी शाळेत १७८३-८४ च्या हिवाळ्यात पोरवयाच्या नेपोलियननं सवंगड्यांकडून बर्फाचे तट आणि खंदक करून घेतले आणि बर्फाच्या गोळ्यांनी लढाई जुंपली, असं त्याचा शाळासोबती बुरिएन आठवणींत सांगतो. त्या किल्ल्यात मुलं स्वतः शिरतात. आपला किल्ला बाहेरून बघायचा, सजवायचा, त्यावर पणती लावायची. लढाईतून जन्मलेला खेळ असा नसतो, पूजेतून आलेला असतो.

आणि लढाईचीच आठवण जपायची असती, तर वऱ्हाडाला ती उसनी आणायची गरज नव्हती. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीनं २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांचा मोड केला आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इतकी मोठी लढाई, पण बेनीसिंगाचं चित्र दिवाळीच्या बाजारात मी कधी पाहिलेलं नाही.

याच गाविलगडाचा इतिहास गवळणीकडे बोट दाखवतो. दगडी गडाचं श्रेय अहमदशाह बहमनीला, १४२५ च्या सुमाराचं. त्याआधी तिथे गवळी राजांचा मातीचा कोट होता आणि त्यांच्यावरूनच गडाला नाव मिळालं, ही परंपरा वऱ्हाडात घट्ट आहे. मातीचा कोट आणि त्यात गाई राखणारे धनी: हे चित्र इथल्या माणसाला नवखं नव्हतं. शिवाय मैदानातल्या गावात पोरांच्या डोळ्यांपुढे असायची ती पाटील-देशमुखांची पांढऱ्या मातीची गढी. काळी माती वाळली की तडकते. गढीची पांढरी भिंतीला बसते, आणि पडक्या गढीची माती घरं सारवायला गावानं नेहमीच नेली. किल्ल्यालाही तीच उत्तम.

महाराज माथ्यावर कधी बसले? माझ्या मते फुल्यांचा १८६९ चा पवाडा आणि टिळकांचा १८९६ चा रायगडावरचा उत्सव यांच्यानंतर, शाळेत इतिहास शिकलेल्या पिढीच्या हातून. त्यांनी सिंहासन मांडलं, पण उतारावरची गवळण कुणी हटवली नाही.

मावळेवाल्यांचा शेवटचा मुद्दा असतो तो सुतळी बॉम्बचा: दिवाळी सरली की पोरं किल्ला उडवतात, ही चढाईच नाही का? पण शेणाचं गोधनही गाईंच्या खुरांखाली मोडायलाच घातलेलं असतं.