योगाभ्यास : सुरुवात, सातत्य आणि पुढची वाटचाल

२१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाला की आपल्या मंडळाच्या सकाळच्या वर्गात सतरंज्या पुरत नाहीत. श्रावण लागेपर्यंत गर्दी ओसरते आणि नवरात्रात गरब्याची जागरणे सुरू झाली की ठरावीक चेहरेच उरतात. मध्येच सोडून गेलेल्या सभासदांना विचारले, तर योग आवडला नाही असे कोणीच म्हणत नाही. कोणाचा पहिल्याच आठवड्यात गुडघा दुखला, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा खंड पडला तो पडलाच. ही कारणे आधी लक्षात घेऊन सुरुवात केली तर अभ्यास टिकतो, असा आम्हा नेहमी येणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून हे टिपण.

हे कशासाठी?

आपल्यापैकी बरेच जण साठी ओलांडलेले आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, आणि घरात दोघेच किंवा एकटेच. अशा वेळी पद्मासन जमते की नाही हा प्रश्न गौण आहे. जमिनीवर बसता येते का, आधार न घेता उठता येते का, एका पायावर उभे राहून पायजमा घालता येतो का, हे प्रश्न खरे. तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले तर स्वतःच्या पायावर चालणारे घर एका दिवसात दुसऱ्यावर अवलंबून राहते. मंडळाच्या सत्यनारायणाला पाटांपेक्षा खुर्च्यांची मागणी दरवर्षी वाढते आहे, हे आपण पाहतोच. नियमित योगाभ्यासाने सांधे हलते राहतात, पायांत बळ राहते, तोल सुधारतो आणि श्वास संथ होतो. एवढे साधले तरी पुष्कळ आहे.

वडोदऱ्याचा वारसा

आधुनिक काळातील योगाच्या अभ्यासात आपल्या शहराचा आणि परिसराचा मोठा वाटा आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ साली जवळच्याच डभोईचा. तरुणपणी त्यांनी वडोदऱ्यात जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न प्रो. माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांकडे ते योग शिकले. योगक्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी १९२० च्या सुमारास त्यांनी वडोदऱ्याच्या सरकारी इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली यांवर प्रयोग केले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' ही संस्था उभी करणारे श्री योगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य. ऐकीव गोष्टींवर न थांबता पारखून घेण्याची ही परंपरा आपल्या अंगणातली आहे. आपणही ती आपल्यापुरती पाळावी.

सुरुवात करण्यापूर्वी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, काचबिंदू, हर्निया, मणक्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे, हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काही असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि वर्गात शिक्षकांनाही सांगावे. हे सांगण्यात कमीपणा नाही. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- रक्तदाब, हृदयविकार : शीर्षासन, सर्वांगासन, जोरकस कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणे टाळावे.
- काचबिंदू किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार : डोके खाली जाईल अशी सर्व आसने टाळावीत.
- कंबरेची चकती सरकलेली, सायटिका : पुढे वाकण्याची आसने शिक्षकांना विचारल्याशिवाय करू नयेत.
- हाडे ठिसूळ असल्यास : कंबरेतून खोल वाकणे आणि जोराने पिळणे टाळावे.
- गुडघ्याचे दुखणे किंवा बदललेला गुडघा : वज्रासन आणि पद्मासनाचा आग्रह सोडावा, खुर्ची वापरावी.
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास : सकाळी उपाशीपोटी साखर उतरू शकते. काय खाऊन यावे हे डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. घाम फुटला, हात थरथरू लागले, तर लगेच थांबावे.
- गरोदर स्त्रियांनी वेगळ्या मार्गदर्शनाखालीच अभ्यास करावा.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. योग ही औषधाला जोड आहे. गोळी कमी करायची की नाही, हे तपासणी करून डॉक्टर ठरवतील.

जागा, वेळ आणि पोट

हवेशीर खोली, जाड सतरंजी किंवा चटई आणि सैल सुती कपडे एवढे सामान पुरते. गुळगुळीत फरशीवर चादर सरकते, म्हणून खाली न घसरणारे काहीतरी घालावे. पोट हलके असावे. पूर्ण जेवणानंतर तीन ते चार तास, हलक्या नाश्त्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत. वडोदऱ्याच्या मे महिन्यात ऊन चढण्यापूर्वीच अभ्यास उरकलेला बरा. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी जेवणापूर्वी करावा. कोणती वेळ निवडली यापेक्षा ती रोज तीच आहे का, हे महत्त्वाचे.

पहिले दोन आठवडे : पंधरा मिनिटे

डोळे मिटून शांत बसणे २ मिनिटे, मानेपासून घोट्यापर्यंत सांधे मोकळे करणे ५ मिनिटे, भिंतीजवळ उभे राहून ताडासन आणि कटिचक्रासन ४ मिनिटे, शेवटी शवासन ४ मिनिटे. अजून करावेसे वाटले तरी इथेच थांबावे. पहिल्या उत्साहात तासभर करून तिसऱ्या दिवशी अंग आखडले की चौथा दिवस उगवत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून : अर्धा तास

१. शांत बसणे : २ मिनिटे
२. सांधे मोकळे करणे : ५ मिनिटे
३. उभ्याने ताडासन, कटिचक्रासन, भिंतीच्या आधाराने वृक्षासन : ४ मिनिटे
४. बसून दंडासन, वक्रासन : ३ मिनिटे
५. पोटावर मकरासन, भुजंगासन, एका-एका पायाने अर्धशलभासन : ५ मिनिटे
६. पाठीवर एका पायाने पवनमुक्तासन, सेतुबंधासन : ३ मिनिटे
७. शवासन : ३ मिनिटे
८. बसून संथ श्वसन किंवा अनुलोम-विलोम : ५ मिनिटे

पतंजलींनी आसनाची कसोटी स्थिरता आणि सुख अशी सांगितली आहे. त्यामुळे चेहरा आवळला गेला, श्वास अडकू लागला, तर आपण मर्यादेपुढे गेलो असे समजावे आणि थोडे मागे यावे. ताण जाणवला तर हरकत नाही, पण टोचणारी कळ किंवा झिणझिण्या आल्या तर थांबावे. शेजारचा किती वाकतो ते पाहू नये. शवासनातून उठताना झटक्यात बसू नये. कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे आणि हाताच्या आधाराने उठावे. चक्कर टाळण्याचा हा साधा उपाय आहे.

अनुलोम-विलोम असा करावा : उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यावा. मग अनामिका आणि करंगळीने डावी बंद करून उजवीने सोडावा, उजवीनेच घ्यावा आणि डावीने सोडावा. हे एक आवर्तन झाले. पाच आवर्तनांपासून सुरुवात करावी. श्वासाचा आवाज येऊ नये आणि तो कोठेही रोखू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कमाटी बागेत रोज चालतो, मग योग कशाला?* चालणे उत्तमच, ते सोडू नये. पण चालताना खांदे, पाठीचा कणा आणि खुब्याचे सांधे सर्व दिशांना फिरत नाहीत. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

*कपालभातीपासून सुरुवात करू का?* नको. हठप्रदीपिकेत कपालभातीची गणना षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत केली आहे. ती शिक्षकांकडून शिकावी.

*सूर्यनमस्कार किती घालावेत?* काही परंपरांत एका नमस्कारात दहा अवस्था आहेत, काहींत बारा. साठीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी वरचा क्रम दोन-तीन महिने केल्यावर दोन संथ नमस्कारांनी आरंभ करावा. लहानपणी आखाड्यात शंभर घातले असतील, पण तो हिशेब आता धरू नये.

*चित्रफिती पाहून शिकता येईल का?* आठवण करून द्यायला त्या बऱ्या. पण पडद्यावरच्या माणसाला आपला वाकडा गुडघा दिसत नाही. निदान पहिले तीन महिने कोणीतरी पाहणारे हवे.

सातत्य

अभ्यास पक्का कसा होतो याबद्दल पतंजलींनी तीन अटी सांगितल्या आहेत : तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. आम्हा बँकेत आयुष्य घालवलेल्यांना आवर्ती ठेवीचे उदाहरण सुचते. हप्ता लहान असला तरी चालतो, तो चुकू नये. नवरात्र, दिवाळी, उत्तरायण, घरचे लग्न या दिवसांत खंड पडणारच, तेव्हा त्याची तरतूद आधीच करून ठेवावी. अशा दिवशी फक्त सांधे मोकळे करणे आणि पाच आवर्तने, एवढे दहा मिनिटांत होते. आजारपणात मात्र विश्रांतीच घ्यावी आणि परत सुरू करताना पंधरा मिनिटांच्या क्रमापासून करावे.

एक साधी वही ठेवावी. तारीख, किती मिनिटे केले, काय दुखले, झोप कशी लागली, एवढी एक ओळ रोज लिहावी. तीन महिन्यांनी मागची पाने चाळली की बदल दिसतो आणि डॉक्टरांना दाखवायलाही ती उपयोगी पडते. घरातल्या कोणाला तरी बरोबर घ्यावे. आपल्या वर्गात काही नातवंडे सुटीत येतात. एरवी गुजराती आणि इंग्रजीत बोलणारी ही मुले आजीशेजारी उभी राहून 'टाचा उचला, श्वास सोडा' हे मराठीत ऐकतात आणि करतात. हा लाभ वहीत लिहायचा राहून जातो.

अभ्यास खोल करताना

वर्षभर नियमित झाल्यावर पुढे काय, असे बरेच जण विचारतात. आसनांची संख्या वाढवणे ही पुढची पायरी नव्हे. तीच आसने सावकाश करावीत, शेवटच्या स्थितीत थोडे अधिक थांबावे, लक्ष श्वासावर ठेवावे. पुढे श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा हळूहळू लांबवावा. कुंभक, बंध आणि शुद्धिक्रिया मात्र गुरूंसमोरच कराव्यात. शवासनातील तीन मिनिटे दहापर्यंत न्यावीत आणि शेवटी काही वेळ नुसते बसावे.

योगाच्या आठ अंगांत आसन तिसरे आणि प्राणायाम चौथे आहे. यम-नियम त्यांच्याही आधी येतात. खरे बोलणे, हाव न धरणे, आहे त्यात समाधान मानणे यांना सतरंजी लागत नाही. सकाळी तासभर आसने करायची आणि दुपारी पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडायचे, तर अभ्यास अजून पायांपर्यंतच पोचला आहे असे समजावे. भूक ठेवून जेवणे, वेळेवर झोपणे, बोलणे आवरते घेणे यांकडेही जुन्या ग्रंथांनी तितकेच लक्ष दिले आहे.

ज्यांचा वर्ग मध्येच सुटला, त्यांनी पुढच्या जूनची वाट पाहू नये. वर्गात मागे खुर्च्या मांडलेल्या असतात आणि खुर्चीवर बसून अभ्यास करणारे सभासद रोज येतात. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी उद्या सकाळी पलंगाच्या कडेला ताठ बसून घोटे, मनगटे आणि खांदे हलवावेत आणि पाच श्वास सावकाश घ्यावेत. तेवढ्यानेही सुरुवात होते.