डोळा, हात आणि तादात्म्य

बडोदे येथे १९२१ साली भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी वाङ्‌मयीन आनंदाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, परंतु त्याचे स्वतःचे भान लोपत नाही. स्वतःची भूमिका न सोडता तो दुसऱ्याची भूमिका घेतो, असा तिचा आशय होता. पुढे या कल्पनेवर मराठी समीक्षेत पुष्कळ वाद झाला. त्या वादात गृहीत असलेला आस्वादक मात्र सदैव वाचक किंवा प्रेक्षक होता. त्याचे हात मोकळे होते. ज्या कलाप्रकारात भूमिका घेण्याचे काम मनाबरोबर बोटांनाही करावे लागते, तो प्रकार अद्याप जन्मास यावयाचा होता. व्हिडिओ गेम हा तो प्रकार होय. त्यात तादात्म्याचा प्रश्न दुभंगतो. खेळणाऱ्याला कोठून आणि किती दिसते, हा त्याचा एक भाग. आणि जे दिसते त्यावर त्याचा हात कसा चालतो, हा दुसरा.

या विषयाच्या चर्चेत एक समजूत फार रूढ आहे. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांच्या जितका जवळ, तितके तादात्म्य अधिक, असे मानले जाते. (येथे कॅमेरा हा शब्द चित्रपटाकडून उसना आलेला आहे, प्रत्यक्षात कोणतेही भिंग नसते, असते ते केवळ दृश्य कोठून रेखाटावे याचे गणित.) ही समजूत पडताळून पाहण्याची संधी चित्रपटाने फार पूर्वीच दिली होती. रॉबर्ट माँटगोमेरी याने दिग्दर्शित केलेल्या ‘लेडी इन द लेक’ या १९४७ च्या चित्रपटात जवळजवळ सर्व कथा गुप्तहेराच्याच डोळ्यांनी दाखविली आहे. त्याचा चेहरा दिसतो तो मुख्यतः आरशात. प्रयोग धाडसी होता, पण फलित विपरीत झाले. इतर पात्रे प्रेक्षकाकडे पाहून बोलतात, त्याला प्रश्न विचारतात, आणि उत्तर भलताच कोणी देतो. डोळा प्रेक्षकाचा, पण मान वळविण्याचा अधिकार दुसऱ्याचा. अशा स्थितीत एकरूपता साधत नाही. आपण कोणाच्या तरी देहात कोंडले गेलो आहोत, एवढेच जाणवते.

खेळाने हा अधिकार हाताला दिला. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३–७४ च्या सुमारास तयार झालेल्या ‘मेझ वॉर’मध्ये केवळ रेषांनी काढलेला चक्रव्यूह होता आणि त्यात खेळणारा काटकोनातच वळू शके. चित्र इतके दरिद्री असूनही कोपऱ्यापलीकडे कोणी उभा असेल ही धास्ती खरी होती, कारण वळणे न वळणे खेळणाऱ्याच्या हाती होते. पुढील काही आवृत्त्यांत प्रतिस्पर्धी एका प्रचंड डोळ्याच्या रूपाने समोर येई. या प्रकाराचे स्वरूप इतक्या नेमकेपणाने सांगणारे चित्र पुढे क्वचितच निघाले. डिसेंबर १९९३ मधील ‘डूम’ याच वाटेने गेला. त्यात वर वा खाली पाहताच येत नाही आणि नेमही वरखाली धरावा लागत नाही. डोळ्याची मर्यादा आणि हाताची मर्यादा एकच असल्यामुळे ती उणीव म्हणून जाणवत नाही.

खरा पेच निर्माण झाला तो नायक पडद्यावर दिसू लागला आणि भोवतालचे जग त्रिमितीत आले तेव्हा. मग पाहणारा कोण? जपानमध्ये १९९६ या एकाच वर्षी या प्रश्नाला दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली. निन्टेंडोच्या ‘सुपर मारिओ ६४’ने पाहणाऱ्यालाच पात्र केले: लाकितू नावाचा एक प्राणी ढगावर बसून, काठीला कॅमेरा लटकावून मारिओच्या मागे मागे फिरतो. एका दालनातल्या मोठ्या आरशात मारिओच्या प्रतिबिंबामागे तोही तरंगताना दिसतो. दांडी ज्या दिशेला झुकवावी त्या दिशेला मारिओ पडद्यावर धावतो. कॅमेरा फिरविण्यासाठी वेगळ्या कळा आहेत. डोळा आणि हात दोन्ही मोकळे. या खेळातला आनंद धावण्याबागडण्याचा आहे, आणि त्याला हीच व्यवस्था शोभते.

दुसरे उत्तर ओसाकाच्या कॅपकॉम या संस्थेचे. शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली झालेला ‘रेसिडेंट ईव्हिल’ प्रारंभी नायकाच्याच डोळ्यांतून दाखविण्याचा विचार होता. नंतर १९९२ च्या ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच खेळाच्या धर्तीवर कॅमेरे स्थिर करण्यात आले. एका निर्जन वाड्यातल्या प्रत्येक दालनात ते कोठे छताशी, कोठे जमिनीलगत, कोठे बोळाच्या टोकाशी खिळलेले आहेत. पात्र एकाच्या कक्षेतून बाहेर पडले की चित्र तुटते आणि दुसरा कोन सुरू होतो. मागची दृश्ये आधीच रंगवून ठेवलेली असल्याने तत्कालीन यंत्राच्या शक्तीपलीकडचा तपशील त्यांत भरता आला. यंत्राची अडचण हेच या योजनेचे एक कारण होते हे नाकारण्याचे कारण नाही. वृत्ताचे बंधनही कवीने स्वतः निर्माण केलेले नसते.

कोन असा पदोपदी पालटला तर हाताने काय करावे? पडद्यावरची डावी बाजू पुढच्याच क्षणी उजवी होते. म्हणून येथे दिशा पडद्याच्या नसून पात्राच्या देहाच्या आहेत: वरची कळ दाबली की पात्र ज्या बाजूला तोंड करून उभे असेल तिकडे चालते; डावी-उजवी कळ त्याला जागच्या जागी वळविते. रणगाड्याच्या चालीशी साम्य पाहून खेळाडूंनी या पद्धतीला रणगाड्याचे नाव दिले, आणि त्या नावात हेटाळणी होती. शस्त्र उगारले की पाऊल उचलता येत नाही. पळावे की लढावे, यांतले एकच निवडावे लागते.

या दोन बंधनांचा मेळ कसा बसला आहे, हे वाड्यात शिरल्यावर लवकरच लागणाऱ्या एका बोळात कळते. खिडक्यांच्या तावदानांतून अकस्मात कुत्रे आत उडी घेतात. अन्यत्रही पुढच्या वळणावर पावलांचा आवाज येतो, पण कॅमेरा तिकडे पाहत नाही. पात्राला ते प्रेत समोर दिसत असले पाहिजे. खेळणाऱ्याला दिसत नाही. म्हणजे येथे नायकाची दृष्टी आणि आस्वादकाची दृष्टी भिन्न आहेत, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, भीती दोघांची एक होते. आपल्याला दिसत नाही आणि आपले शरीर वेळेवर वळत नाही, हा भयाचा मूळ अनुभव डोळ्याकडून आणि हाताकडून एकाच वेळी पोचविला जातो. केळकरांच्या परिभाषेत सांगायचे तर विकल्प कायम आहे आणि समाधीही भंगलेली नाही.

हा मेळ एका बाजूने सोडविला की काय होते याचा दाखला याच मालिकेत आहे. २००२ साली हा खेळ नव्याने घडविण्यात आला, आणि २०१५ मध्ये त्या नव्या आवृत्तीचे सुधारित रूप निघाले तेव्हा दांडीच्या दिशेने तत्काळ धावण्याची दुसरी पद्धतही त्यात देण्यात आली. कॅमेरे मात्र होते तेथेच राहिले. त्या पद्धतीने खेळताना प्रेतांना हुलकावणी देणे सोपे जाते, आणि मग कॅमेऱ्याचे न दाखविणे हे भयाचे कारण न राहता केवळ गैरसोय वाटू लागते. मूळ लेखकाने मुद्दाम अडखळत ठेवलेले वाक्य भाषांतरकाराने सुबोध करून द्यावे, तसे हे झाले. वाचकाची सोय झाली. वाक्य मात्र गेले.

याउलट २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये मिकामी यांनी स्वतःच स्थिर कॅमेरा टाकून दिला व तो नायकाच्या खांद्यामागे आणून ठेवला. दृष्टी मोकळी झाली, पण हात मोकळा केला नाही: नेम धरला की पाय खिळतात. गावकरी चारी बाजूंनी चालून येत आहेत, ते स्पष्ट दिसत आहेत, आणि मागे सरण्यासाठी बंदूक खाली घ्यावी लागत आहे. अज्ञाताच्या भीतीची जागा कोंडीने घेतली. २०२३ च्या नव्या आवृत्तीत चालता चालता नेम धरता येतो. ती आवृत्ती अधिक चपळ आहे, तिच्यातले लढणे रंगतदारही आहे, पण ती कोंडी सैल झाली आहे. या बदलाला सरसकट प्रगती म्हणणारे खेळाची परीक्षा अवजाराच्या निकषांनी करतात. अवजार हाताला सुखाचे असावे हे खरे, पण शोकांतिका प्रेक्षकाला सुखाची असावी असे कोणी म्हणत नाही.

२०१७ च्या सातव्या खेळात ही मालिका अखेर नायकाच्या डोळ्यांत शिरली. नायक ईथन हा सामान्य मनुष्य आहे. तो सावकाश चालतो आणि घाव चुकविण्याऐवजी स्वतःचे दोन हात तोंडासमोर धरतो. दृष्टी इतकी जवळ आणली, पण बळ तेवढेच कमी केले, म्हणून ‘लेडी इन द लेक’ची गत येथे झाली नाही. २०२१ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’मध्येही तोच नायक आणि तीच दृष्टी होती, ऑक्टोबर २०२२ मध्ये मात्र हा खेळ नायकाच्या पाठीमागून खेळण्याची सोय जोडण्यात आली. तेच गाव आणि तोच दुर्ग आता दोन ठिकाणांहून पाहता येतात. पाठीमागून खेळताना कॅमेरा फिरवून नायकाचा चेहरा पाहण्याचा प्रयत्न केला, की ईथन तोंड फिरवितो.