गळती अडवणाऱ्या कड्याचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात इंजिनाला मान मिळतो, चाकाला मिळतो. तळहातात मावणाऱ्या ऑइल सीलला मात्र कोणी विचारत नाही. फिरणाऱ्या दांड्याभोवती बसून आतले तेल आत ठेवायचे, एवढेच त्याचे काम. पण ते हरले की भारीतली भारी गाडीही रस्त्यावर नेण्याच्या लायकीची राहत नाही.

गळतीचा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपल्या यंत्रांत शंकूच्या आकाराच्या झडपा वापरल्या. पुढे अल-जझरी याने 1206 साली आपला यंत्रांवरचा प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. तो अर्तुकी राजांच्या पदरी होता. त्यांची राजधानी म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले दियारबकर. झडप आणि तिची बैठक यांच्यातून पाणी झिरपू नये म्हणून तो दोन्ही भाग कुरुंदाची पूड घालून एकमेकांवर घासून बसवायला सांगतो. त्याच्या पाण्याच्या पंपात दट्ट्याच्या दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये तागासारखा धागा ठासून भरलेला आहे. धातू हलता राहावा आणि फट मात्र बुजावी, हा आजच्या सीलमागचा विचार तिथे स्पष्ट दिसतो.

मोटारीत हा प्रश्न डिफरन्शियलपाशी येतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दात्यांची पेटी. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने 1820 च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. दाते तेलात बुडालेले हवेत आणि दांडे तर दोन्ही बाजूंनी बाहेर यायला हवेत, म्हणून तिथे सील आले. सुरुवातीला ते चामड्याचे असे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉयडेनबर्ग ही मूळची चामडे कमावणारी कंपनी. 1929 च्या मंदीनंतर ती चामड्याची सील बनवू लागली आणि त्याच दशकात कृत्रिम रबराकडे वळली.

1961 साली जिनिव्हात जगासमोर आलेल्या जॅग्वार ई-टाइपमध्ये या छोट्या कड्याची खरी परीक्षा झाली. मागच्या चाकांचे वजन कमी करण्यासाठी तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ न ठेवता थेट डिफरन्शियलला चिकटून बसवले होते. गाडी वळणावर सुरेख चाले. पण ब्रेकची सगळी उष्णता शेजारच्या सीलला मिळे. रबर भाजून कडक होई, ओठ फाटे आणि तेल सरळ ब्रेकच्या चकतीवर उतरे. तेलकट चकतीवर पॅड पकड घेत नाही. म्हणजे ही गळती जिवाशी खेळणारी.

सील स्वस्त, मेहनत मोठी. त्यासाठी बहुधा मागचा सगळा सांगाडाच गाडीखालून उतरवावा लागतो. मग हाफ शाफ्ट, कॅलिपर आणि डिस्क काढायचे. तिथल्या शिम ज्या बाजूच्या त्याच बाजूला, मोजून ठेवायच्या. त्या बदलल्या तर चाकाचा कल बिघडतो. मग बेअरिंगचे घर बाहेर काढून जुने सील उचकटायचे. शाफ्टवर सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवे सीलही गळणार. पेटीवरचे हवेचे छिद्र मळाने बुजले असेल तर आतला दाब तेल बाहेर ढकलतच राहणार. नवे सील उष्णता सोसणाऱ्या रबराचे घ्यायचे, ओठाला तेल लावायचे, तोंड तेलाच्या बाजूला ठेवायचे आणि सगळीकडून सारखे दाबत बसवायचे.

अल-जझरीचे नाव निघाले की आपल्याकडे अभिमानाची भाषणे होतात. सगळे शोध आमचेच, असे म्हणून टाळ्या मिळतात. पण डिफरन्शियल त्याने बनवले नाही, आणि त्याच्या मोठेपणाला तशा दाव्याची गरजही नाही. करून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची शिस्त होती. तो दरबारातला पंडित असला तरी हाताने काम करणारा कारागीर होता. आणि त्याचे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले, कारण त्याच्या राजाने त्याला ते लिहून काढायला सांगितले.

आपल्या मोहल्ल्यांतही असे उस्ताद आहेत. नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे, तेलाच्या वासावरून दाते जळाले की नाही ते सांगणारे. त्यांचे ज्ञान शागिर्दाच्या हातात उतरते. मुले दुसऱ्या धंद्यात गेली की ते तिथेच संपते. त्यांना अडाणी समजणारे आपणच, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या नावाने जलसे भरवणारेही आपणच. अल-जझरीचा वारसा सांगायचा असेल तर वही-पेन घेऊन आधी या उस्तादांजवळ बसायला हवे. ते सांगतील, आपण लिहून घ्यावे, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवून तपासून घ्यावे.