थोरले इंजिन, धाकटी गाडी

मध्यम वा लहान आकाराच्या दोनदारी मोटारीत मोठ्या मोटारीचे व्ही-८ इंजिन बसवले, की जे वाहन तयार होते त्याला अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. अधिक मोठे इंजिन चढवणे हा या मोटारींच्या बाबतीत हौशी मंडळींनी मागाहून काढलेला उद्योग नव्हे. त्यांचा जन्मच त्यातून झाला आहे.

पॉन्टिअ‍ॅक जीटीओ हे त्याचे ठळक उदाहरण. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या मोटारींसाठी ३३० घन इंचांची (सुमारे ५.४ लिटर) मर्यादा घालून दिली होती. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या अभियंत्यांनी हेरले, की टेंपेस्ट मोटारीचे ३२६ घन इंची इंजिन आणि मोठ्या पॉन्टिअ‍ॅकचे ३८९ घन इंची (६.४ लिटर) इंजिन यांची बाह्य मापे सारखीच आहेत. मर्यादेला वळसा घालण्यासाठी १९६४च्या मालिकेत हे इंजिन टेंपेस्ट लमान्सचा ‘ऐच्छिक संच’ म्हणून देण्यात आले. ३२५ अश्वशक्तीच्या या मोटारी पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक खपल्या.

शेव्हरोले कमॅरोची कथा अशीच आहे. कंपनीच्या ४०० घन इंचांच्या मर्यादेमुळे तिला जास्तीत जास्त ३९६ घन इंची इंजिन मिळे. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे विक्रेते आणि शर्यतपटू डॉन येन्को यांनी १९६७पासून आपल्या कार्यशाळेत तिच्यात ४२७ घन इंची (७ लिटर) इंजिन बसवून विकण्यास प्रारंभ केला. ३९६ आणि ४२७ ही एकाच कुळातील इंजिने. पिस्टनची धाव दोहोंत ९५.५ मिलिमीटर, सिलिंडरचा व्यास मात्र १०४ऐवजी १०८ मिलिमीटर. पुढे १९६९मध्ये, विशेष मागण्यांसाठी असलेल्या ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ या पद्धतीचा आधार घेऊन ४२५ अश्वशक्तीचे हे इंजिन थेट कारखान्यातच बसवले जाऊ लागले.

त्या ऑर्डरमध्ये केवळ इंजिन नव्हते, ही बाब महत्त्वाची. मोठा रेडिएटर, मागील चाकांचा भक्कम अ‍ॅक्सल, कडक स्प्रिंगा आणि पुढील चाकांना डिस्क ब्रेक हेही तिच्यासोबत येत. इंजिन बदलणाऱ्याने लक्षात ठेवावे ते हेच. ‘बिग ब्लॉक’ नावाने ओळखले जाणारे लोखंडी इंजिन ‘स्मॉल ब्लॉक’पेक्षा ५० किलोहून अधिक जड असते. हा सारा भार पुढच्या चाकांवर पडतो आणि वळणावर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. वाढलेल्या पिळाने जुना गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल मोडू शकतात.

खरा धोका थांबण्याचा आहे. ताशी १०० किलोमीटरऐवजी १४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत जवळजवळ दुप्पट गतिज ऊर्जा असते. थांबताना ती ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते. साठच्या दशकातील अनेक मोटारींना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि ते तापले की त्यांची पकड ओसरते. म्हणून ब्रेक आणि टायर आधी, इंजिन नंतर, हा क्रम पाळणे शहाणपणाचे.

जनरल मोटर्सने १९७०च्या मालिकेपासून ४०० घन इंचांची अट उठवली. पण विम्याचे चढे हप्ते, प्रदूषणाचे कडक नियम आणि १९७३चे तेलसंकट यांनी हे युग लवकरच आटोपले. इंजिन बदलण्याची प्रथा मात्र टिकली. १९९७ साली कॉर्व्हेटमध्ये आलेले ५.७ लिटरचे एलएस-१ आणि त्याच्या कुळातील पुढील इंजिने यासाठी लोकप्रिय ठरली. एलएस-१चा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने ते जुन्या लोखंडी इंजिनांपेक्षा हलके आहे. मात्र त्याच्यासोबत नियंत्रक संगणक, वायरिंग आणि उच्च दाबाचा इंधनपंप बसवावा लागतो.

कायदाही पाहावा लागतो. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या गाडीत बसवायचे इंजिन गाडीच्याच वर्षाचे वा त्याहून नवे असावे आणि त्याची प्रदूषणरोधक यंत्रणा शाबूत असावी, अशी अट आहे. शिवाय मूळ क्रमांकाचे इंजिन असलेल्या गाडीला संग्राहक अधिक किंमत देतात. त्यामुळे उतरवलेले इंजिन भंगारात न काढता जपून ठेवणेच हिताचे.