बिनतारी ड्रायव्हरमधील वेळेचे दोष आणि त्यांची दुरुस्ती

कांदिवली पश्चिमेकडील चारकोप ही मुंबईच्या नियोजित वस्त्यांपैकी एक. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात ‘म्हाडा’ने येथे पाणी, रस्ते, मलनिःसारण अशा सोयी असलेले लहान भूखंड आखून दिले. त्यांवर रहिवाशांच्या सहकारी संस्थांनी घरे उभारली. एका घराची भिंत दुसऱ्याला लागून, समोर सामाईक चौक आणि काळाच्या ओघात वर चढलेले मजले, असे या सेक्टरांचे रूप आहे. अशा दाट वस्तीत आज घरोघरी ‘वाय-फाय’चा राऊटर आहे. भिंतीने घर वेगळे होते, पण रेडिओ लहरी वेगळ्या होत नाहीत.

केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि घरगुती बिनतारी जोडणीचा मार्ग मोकळा झाला. मात्र या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न आणणारे नेहमीच्या वापरातील मार्ग तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारच्या दहा-पंधरा घरांचे राऊटर याच तीन मार्गांवर दाटीवाटीने बोलत असतात. त्यामुळे जोडणी संथ झाली, तुटली, की दोष गर्दीला दिला जातो. बऱ्याच वेळा तो योग्यही असतो. परंतु काही वेळा खरा दोष हवेत नसून संगणकाच्या आतील एका आज्ञावलीत असतो. गर्दी केवळ त्याला उघडे पाडते. या आज्ञावलीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात आणि या दोषाला वेळेचा दोष.

दोन घड्याळांचा संसार

संगणकाची कार्यप्रणाली आणि बिनतारी चिप यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. चिपच्या आत ‘फर्मवेअर’ नावाची तिची स्वतःची छोटी आज्ञावली चालते. दोघांच्या काळाची मापे फार वेगळी आहेत. २.४ गिगाहर्ट्झवर एखादे माहितीचे पाकीट मिळाले, की पोच देण्यापूर्वी अवघे १० मायक्रोसेकंद थांबायचे असते. हवा मोकळी आहे का, हे पाहताना मोजायचा प्रतीक्षेचा एक घटक ९ किंवा २० मायक्रोसेकंदांचा असतो. मुख्य प्रोसेसर अनेक कामांत गुंतलेला असल्याने इतक्या काटेकोर वेळा तो पाळू शकत नाही. म्हणून ही कामे चिपवर सोपविलेली असतात.

ड्रायव्हरचा कारभार मिलिसेकंदांत चालतो. राऊटर ‘मी येथे आहे’ असे सांगणारा संकेत साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी पाठवतो. तो ऐकण्यासाठी झोपलेली चिप जागी करणे, तिला आज्ञा देणे, उत्तराची वाट पाहणे आणि उत्तर न आल्यास तिला पुन्हा सुरू करणे ही ड्रायव्हरची कर्तव्ये आहेत. ही कामे एकामागून एक सुरळीत घडतात, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात चिपकडून हाक येते त्याच क्षणी वापरकर्ता लॅपटॉप मिटत असतो, एखादा गजर वाजत असतो आणि दुसऱ्या प्रोसेसरवर त्याच ड्रायव्हरचा दुसरा भाग चालू असतो. कोण आधी आणि कोण नंतर, यावर निकाल अवलंबून राहिला, की त्याला ‘रेस कंडिशन’ म्हणजे शर्यतीची स्थिती म्हणतात.

पंप, टायमर आणि किल्ली

हा दोष समजण्यासाठी गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेता येईल. पंप सहा वाजता सुरू व्हावा म्हणून टायमर लावलेला आहे. टाकी साफ करायची असल्याने रखवालदार टायमर बंद करतो आणि कामगाराला आत उतरायला सांगतो. सहा वाजायला दहा मिनिटे असतील, तर काही बिघडत नाही. पण टायमरने नेमकी तेव्हाच पंपाला कळ दिली असेल, तर पुढचा गजर रद्द होतो, सुरू झालेला पंप मात्र चालूच राहतो. गजर रद्द करणे आणि गजराने सुरू झालेले काम थांबले आहे याची खात्री करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. एक केवळ टायमर रद्द करते. दुसरी टायमर रद्द करते आणि त्याचे चालू असलेले काम संपेपर्यंत थांबते. उपकरण काढून टाकताना पहिली वापरली, तर ड्रायव्हरने परत केलेली स्मृती टायमरचे काम नंतर वापरू शकते. त्यातून संगणक कोसळतो किंवा परक्याला आत शिरायला फट मिळते.

दुसरी आज्ञाही डोळे झाकून वापरता येत नाही. पंपाच्या खोलीची किल्ली खिशात ठेवून रखवालदार पंपवाल्याचे काम संपण्याची वाट पाहत बसला आणि पंपवाल्याला काम संपविण्यासाठी तीच किल्ली हवी असली, तर दोघेही कायमचे अडकतात. संगणकशास्त्रात याला ‘डेडलॉक’ म्हणतात.

तिसरा प्रकार घड्याळ उलटण्याचा. कर्नेल आपला काळ ‘जिफीज’ नावाच्या गणकाने मोजतो. हा गणक ३२ बिटांचा असेल आणि सेकंदाला हजार टोले देत असेल, तर सुमारे ४९ दिवस १७ तासांनी तो पुन्हा शून्यावर येतो. ‘आताची संख्या मोठी, म्हणजे वेळ संपली’ अशी साधी तुलना करणारा ड्रायव्हर त्या क्षणी चुकतो. सात आठवडे न थांबता चालणारा राऊटर अचानक रुसतो, बंद-चालू केला की सुधारतो आणि कारण कोणालाच कळत नाही. म्हणूनच लिनक्समध्ये हा गणक शून्यापासून सुरू न करता उलटण्याच्या पाच मिनिटे आधीच्या आकड्यापासून सुरू केला जातो. जो दोष सात आठवड्यांनी ग्राहकाच्या घरी प्रकटला असता, तो पाच मिनिटांत अभियंत्याच्या टेबलावर प्रकटतो.

विलंबाचा मोह

वेळेचा दोष दिसला, की सर्वांत सोपा उपाय सुचतो तो विलंबाचा. चिप उत्तर देत नाही? मग विचारण्यापूर्वी पन्नास मिलिसेकंद थांबावे. चाचणीत दोष नाहीसा होतो, सुधारणा पाठवली जाते आणि प्रकरण मिटल्याची नोंद होते. वास्तविक दोष मिटलेला नसतो. तो अधिक संथ प्रोसेसरकडे, अधिक गर्दीच्या वस्तीकडे किंवा अधिक स्वस्त उपकरणाकडे सरकलेला असतो. अभियंत्याच्या शांत प्रयोगशाळेत पुरेसे ठरलेले पन्नास मिलिसेकंद चारकोपच्या संध्याकाळी पुरतीलच, असे नाही.

काही विलंब आवश्यक असतात, हेही खरे. वीज दिल्यावर चिप स्थिर होण्यास इतका अवधी लागतो, असे निर्मात्याने लिहून दिले असेल, तर तो पाळलाच पाहिजे. तो हार्डवेअरचा नियम होय. पण एका कामाने दुसऱ्या कामाची वाट पाहायची असेल, तेथे घड्याळावर अंदाज बांधणे चूक आहे. तेथे ‘काम झाले’ अशी पोच हवी, आणि पोच कधीच आली नाही तर काय करायचे, याचे उत्तरही हवे.

खैराट, पुणे आणि एक अब्ज उपकरणे

या विषयाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांच्या हाती आलेल्या ‘एक्सओ’ या लॅपटॉपमध्ये मार्व्हेल कंपनीची बिनतारी चिप होती. वीज दुर्मिळ असलेल्या गावांसाठी हे यंत्र बनवले असल्याने त्याचा मुख्य प्रोसेसर वरचेवर झोपावा आणि चिपने मात्र जागे राहून शेजारच्या लॅपटॉपची पाकिटे पुढे पाठवत राहावे, अशी कल्पना होती. म्हणजे झोपलेला मालक आणि जागा कारभारी. मालक जागा होतो त्या क्षणी दोघांचे म्हणणे जुळले पाहिजे. वेळेच्या दोषांना सर्वाधिक वाव असतो तो याच झोपण्या-उठण्याच्या उंबरठ्यावर. या चिपचा ‘लिबर्टास’ हा ड्रायव्हर त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.२२ या आवृत्तीत समाविष्ट झाला.

मार्व्हेलच्या पुढच्या पिढीतील चिपांसाठीचा ‘एमवायफाएक्स’ हा ड्रायव्हर २०११ मध्ये कर्नेलमध्ये आला. कंपनीचे एक केंद्र पुण्यात होते आणि या ड्रायव्हरच्या जाहीर बदलनोंदींत मराठी आडनावे वारंवार भेटतात. त्यातील एक दुरुस्ती अभ्यासण्याजोगी आहे. हा ड्रायव्हर चिपमध्ये फर्मवेअर चढवण्याचे काम पार्श्वभूमीवर करी. ते फसले, तर तो साफसफाई करून आपली स्मृती परत देई. त्याच वेळी संगणक झोपवला गेला किंवा उपकरण काढले गेले, तर परत दिलेल्या स्मृतीलाच दुसरा भाग हात घाली. हे टाळण्यासाठी एक कुलूप ठेवलेले होते, पण ते धोक्याचा सगळा भाग झाकत नव्हते. २०१६ च्या अखेरीस आलेल्या दुरुस्तीने विलंब वाढवला नाही. तिने ते कुलूप काढून ‘फर्मवेअरचे काम संपले’ ही स्पष्ट पोच बसवली आणि उपकरण काढणाऱ्याला त्या पोचेसाठी थांबायला लावले. अंदाजाच्या जागी क्रम आला. मार्व्हेलचा हा बिनतारी व्यवसाय २०१९ मध्ये एनएक्सपी या कंपनीकडे गेला, पण खुल्या कर्नेलमधील ही नोंद आजही कोणालाही वाचता येते.

क्रम चुकण्याची किंमत केवळ तुटलेल्या जोडणीत मोजता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने ‘क्रूक’ नावाचा दोष जाहीर केला. ब्रॉडकॉम आणि सायप्रेस यांच्या काही चिपांमध्ये जोडणी तुटताच सांकेतिक किल्ली पुसून शून्य केली जाई. ते योग्यच होते. पण पाठवायची राहिलेली काही पाकिटे चिपमध्ये शिल्लक असत आणि ती त्या शून्य किल्लीने बंद करून हवेत सोडली जात. म्हणजे कुलूप लावले, पण त्याची किल्ली सर्वांनाच ठाऊक. मुद्दाम पुन्हा पुन्हा जोडणी तोडून जवळचा कोणीही अशी पाकिटे गोळा करू शकत होता. आधी पाकिटे नष्ट करावीत, मग किल्ली पुसावी, एवढाच क्रम पाळायला हवा होता. एक अब्जाहून अधिक उपकरणांत हा दोष असल्याचा ईसेटचा अंदाज होता. संकेतस्थळांचे स्वतंत्र सांकेतिकीकरण असल्याने बँकेचे व्यवहार त्यातून थेट उघडे पडत नव्हते, तरी ज्या उपकरणांना सुधारित फर्मवेअर मिळालेच नाही, त्यांत हा दोष तसाच राहिला.

दोष पकडायचा कसा?

वेळेचा दोष शोधणे कठीण, कारण तो बोलावल्यावर येत नाही. निरीक्षणासाठी नोंदी लिहायला सुरुवात केली, तर त्या लिहिण्याच्या विलंबानेच तो कधी कधी दडून बसतो. यासाठी कर्नेलमध्ये खास साधने तयार झाली. २००६ मधील ‘लॉकडेप’ हे साधन कोणते कुलूप कोणत्या क्रमाने लावले जाते, हे टिपून ठेवते आणि दोन ठिकाणचे क्रम परस्परविरोधी दिसले, तर प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच इशारा देते. २०१५ मध्ये आलेले ‘केसॅन’ परत दिलेल्या स्मृतीचा वापर पकडते. २०२० मधील ‘केसीसॅन’ मुद्दाम एका कामाला क्षणभर रोखून धरते आणि तेवढ्यात दुसरे कोणी तीच माहिती बदलते का, हे पाहते. दोष लपवणारा विलंब येथे दोष उघड करण्याच्या कामी येतो. याखेरीज संगणकातच लटके रेडिओ उभे करून, एकही लहर न सोडता, वरच्या थरातील आज्ञावली तपासण्याची सोयही आहे.

तरीही साधने केवळ चालून गेलेल्या वाटा तपासतात. न चाललेल्या वाटेवर दोष नाही, असे ती सांगू शकत नाहीत. म्हणून जाणकार अभियंता दुरुस्तीसोबत तिचे कारण लिहितो: कोणत्या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, त्यातून काय बिघडते आणि आता तसे का घडणार नाही. हे तीन मुद्दे ज्याला लिहिता येत नाहीत, त्याची दुरुस्ती योगायोग असण्याची शक्यता अधिक.

ग्राहकाने काय पाहावे?

संध्याकाळी घरातील सर्वच उपकरणे एकदम संथ होत असतील, तर कारण बहुधा गर्दीचे असते. राऊटरचा मार्ग बदलणे किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे हा त्यावरचा उपाय. पण एकच लॅपटॉप झोपेतून उठल्यावर जोडणी हरवत असेल, वाय-फाय बंद-चालू केल्यावर ती परत येत असेल आणि इतर उपकरणे त्या वेळी ठीक चालत असतील, तर संशय ड्रायव्हरवर किंवा फर्मवेअरवर घ्यावा. सुधारित आवृत्ती बसवावी. तरीही सुधारणा नसेल, तर तक्रार करताना चिपचे नाव, कार्यप्रणालीची आवृत्ती, घटनेची वेळ आणि त्याआधी काय केले होते, हे लिहावे. ‘नेट चालत नाही’ या वाक्यापेक्षा ‘झाकण उघडल्यावर, दहापैकी तीनदा’ ही नोंद दुरुस्ती करणाऱ्याला कितीतरी मोलाची वाटते.

नवा राऊटर घेताना वेगाच्या आकड्याबरोबरच निर्माता फर्मवेअरच्या सुधारणा किती वर्षे देणार आहे, हे विचारणेही तितकेच अगत्याचे. दुरुस्ती जगात कोठेतरी लिहिली गेली, तरी ती घरातील खोक्यापर्यंत पोचली नाही, तर त्या घरापुरता दोष कायमच राहतो.