तो ताप कोरोनाचा होता का?

दोन दिवसांची कणकण, अंगदुखी, किंचित खोकला आणि मग सारे पूर्ववत. २०२० ते २०२२ या काळात असे दुखणे अंगावर काढलेल्या अनेकांच्या मनात तो कोरोनाच होता का, ही शंका आजही रेंगाळते. त्या वेळी चाचणी झाली नसेल, तर तिचे निर्विवाद उत्तर मिळणे आता अवघड आहे.

लक्षणे काय सांगतात?

ताप, खोकला, घसा खवखवणे ही लक्षणे फ्लू आणि सर्दीच्या अन्य विषाणूंमुळेही उद्भवतात. नाक चोंदलेले नसताना वास व चव एकाएकी नाहीशी होणे, ही त्यातल्या त्यात ठळक खूण. ओमायक्रॉनच्या लाटेत मात्र तीही कमी आढळली. काळाचाही विचार करावा लागतो. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात, तर महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात नोंदले गेले. त्यामुळे २०१९च्या हिवाळ्यातील ताप कोरोनाचा असण्याची शक्यता नगण्य ठरते.

रक्त काय सांगते?

आरटी-पीसीआर चाचणी त्या वेळी शरीरात असलेला विषाणू शोधते. होऊन गेलेल्या संसर्गाची खूण म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे. कोविशील्ड लशीमुळे केवळ स्पाइक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून ही लस घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर ती संसर्गाची निदर्शक मानता येतात. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने तेथे हा निकष लागू पडत नाही. शिवाय ही प्रतिपिंडे काही महिन्यांत घटू लागतात आणि संसर्ग नेमका केव्हा झाला, हे ती सांगत नाहीत.

सर्वेक्षणांचा कौल

व्यक्तीबाबत न सुटणारे हे कोडे समूहाबाबत मात्र बरेचसे सुटले. जुलै २०२०मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांतील १६ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. पुण्यातील पाच प्रभागांत हे प्रमाण ५१ टक्क्यांहून अधिक होते. यातील बहुसंख्यांची रुग्ण म्हणून कधी नोंदच झाली नव्हती.

उत्तराचे महत्त्व

पूर्ण बऱ्या झालेल्या व्यक्तीने या शंकेपायी आज चाचणीवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. थकवा, धाप, विस्मरण अशा तक्रारी मागे उरल्या असतील, तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये केलेल्या दीर्घ कोविडच्या व्याख्येत निश्चित संसर्गाप्रमाणेच संभाव्य संसर्गही ग्राह्य धरला आहे. मात्र या तक्रारींमागे दुसरे कारण नाही ना, हे आधी तपासावे लागते. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार वा हृदयविकार यांतही अशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे जुना अहवाल हाती नाही म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. आणि सारे काही कोरोनानेच झाले, असे गृहीतही धरू नये.